टिपणाचा आकडा होताना

संशोधनाच्या पद्धतींवर चर्चा सुरू झाली की ती ठरलेल्या वळणाने जाते. एक म्हणतो, आकडे खोटं बोलत नाहीत. दुसरा म्हणतो, माणूस कोष्टकात मावत नाही. पहिल्याला वाटतं दुसरा नुसत्या गोष्टी सांगतो आहे, दुसऱ्याला वाटतं पहिला हिशेबनीस आहे. थोड्या वेळाने कुणीतरी मध्ये पडतो, ‘दोन्ही पद्धतींचं आपापल्या जागी महत्त्व आहे’ असं म्हणतो आणि चर्चा संपते. प्रबंधाच्या आराखड्यात तर हा अख्खा वाद एका चौकोनात कोंबलेला असतो: संख्यात्मक की गुणात्मक, योग्य तिथे खूण करा. विद्यार्थी खूण करतो आणि पुढची काही वर्षं त्या खुणेला जागत बसतो.

हा वाद चुकीच्या जागी घातला जातो, असं माझं म्हणणं आहे. वस्तुनिष्ठ विरुद्ध व्यक्तिनिष्ठ, ‘किती’ विरुद्ध ‘का’, या जोड्या परीक्षेत लिहायला सोयीच्या आहेत. पण टिपणांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन लिहायला बसलेल्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. लिहिताना जो फरक हाताला लागतो तो वेगळाच आहे: काय महत्त्वाचं हे केव्हा ठरवलं? संख्यात्मक काम करणारा ते टिपण घेण्याआधी ठरवतो. प्रश्न, पर्याय, रकाने आधी तयार होतात आणि मग माणसं भेटतात. गुणात्मक काम करणारा आधी जमेल तेवढं टिपून घेतो आणि काय ठेवायचं, काय टाकायचं हे पुढे वाचताना आणि लिहिताना ठरवतो. निवड दोघेही करतात, मनमानीला वाव दोघांनाही सारखाच असतो. मात्र तो वेगवेगळ्या टप्प्यावर असतो, म्हणून दोघांकडून मागायचा खुलासाही वेगळा असायला हवा. तो आपण मागत नाही. आपण फक्त पद्धतीची जात विचारतो.

एक कल्पित कागद घेऊ. रुग्णालयातल्या सेवेविषयीची प्रश्नावली आहे. ‘कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ उत्तर एक ते पाच. खाटेवरची बाई आधी दाराकडे पाहते, मग म्हणते, ‘चांगलंच वागतात की. उगाच कशाला नावं ठेवायची?’ प्रश्न विचारणारी मुलगी चारला गोल करते. मुलगी चौकस आहे, म्हणून समासात बारीक अक्षरात लिहिते, ‘नर्स दोन पावलांवर. उत्तर देताना आवाज खाली.’ कागद संगणकात माहिती भरणाऱ्याकडे जातो. त्याच्या तक्त्यात समासासाठी रकाना नाही. चार भरला जातो, इतर चारांत आणि पाचांत मिसळतो आणि अहवालात दशांश चिन्हासकट एक रुबाबदार सरासरी छापून येते.

आता तोच गठ्ठा गुणात्मक संशोधकाच्या हाती द्या. तो समासावरच झडप घालतो. त्याच्या लेखात ही बाई एक अख्खा परिच्छेद व्यापते. दाराकडे गेलेली नजर, दबलेला आवाज, ‘उगाच कशाला नावं ठेवायची’ हे वाक्य अवतरणचिन्हांत. वाचकाला ती डोळ्यांपुढे दिसते आणि रुग्णालयातली दहशतही दिसते. पण बाकीच्या कागदांचं काय? समजा, आणखी कितीतरी बायका आसपास कुणी नसताना मोकळेपणाने ‘पाच’ म्हणाल्या असतील तर? लेखात ते कळायची सोय नाही. पहिल्या अहवालातून समास गळाला, दुसऱ्यातून गठ्ठा. दोन्ही लेखक प्रामाणिक आहेत आणि दोघांनीही आपापल्या पद्धतीचे नियम पाळले आहेत.

संख्येच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे आणि तो आधी मान्य केला पाहिजे. भरपूर टिपणं असली की त्यांतून हवं ते सिद्ध करता येतं. शंभर पानांच्या मुलाखतींत प्रत्येक मतासाठी एखादं झणझणीत वाक्य सापडतंच. आणि हे मुद्दाम करावं लागत नाही, आपोआप होतं. आपल्या म्हणण्याला पूरक असलेलं वाक्य लक्षात राहतं, आडवं येणारं विसरलं जातं. चार्ल्स डार्विनला ही खोड ठाऊक होती. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा विचारात आली की ती ताबडतोब, न चुकता टिपून ठेवायची, असा त्याने स्वतःला दंडक घातला होता. अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात असा अनुभव त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. सगळ्यांकडे अशी शिस्त नसते. म्हणून आधीच आखलेला रकाना उपयोगी पडतो. तो नावडत्या उत्तरालाही जागा देतो, कंटाळवाण्या उत्तरालाही देतो. वीस जणांनी ‘तसं काही विशेष नाही’ असं सांगितलं तर कथन करणारा त्यांना सहज वगळतो. मोजणाऱ्याला ते वीस मोजावेच लागतात.

पण यावरून ‘म्हणून आकडेच खरे’ इथवर उडी मारणाऱ्यांनी व्हिएन्नाची हकीकत नीट वाचावी. १८४० च्या दशकात तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात साधारण दहा टक्के बाळंतिणी दगावत, दुसऱ्यात चार टक्क्यांच्या आसपास. हे बायकांनाही माहीत होतं. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून त्या गयावया करत. कारणं तर पुष्कळ सांगितली जात: दूषित हवा, गर्दी, विद्यार्थ्यांचे आडदांड हात, मरणाऱ्यांसाठी घंटा वाजवत जाणारा धर्मगुरू आणि त्याने बसणारी धास्ती. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने ती एकेक करून निकालात काढली. गर्दी तर दुसऱ्या विभागात जास्त होती. हवा दोन्हीकडे एकच. धर्मगुरूला घंटेविना आडवाटेने यायला लावलं, तरी फरक पडेना. एवढंच काय, रुग्णालयात पोचण्याआधी रस्त्यातच बाळंत झालेल्या बायका कमी आजारी पडत होत्या. इथपर्यंतचं सगळं काम आकड्यांचं. आकड्यांनी चुकीची उत्तरं एकामागून एक खोडली, पण बरोबर उत्तर काही दिलं नाही.

ते आलं एका टिपणातून. मार्च १८४७ मध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेचका वारले. शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या स्वतःच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष सेमेलवाइसने वाचले आणि त्याला दिसलं की शरीरातल्या ज्या खुणा दगावलेल्या बाळंतिणींमध्ये सापडतात त्याच इथे आहेत. एक पुरुष, एक मृत्यू, एका शरीराचं तपशीलवार वर्णन. आजच्या भाषेत नमुन्याचा आकार एक! शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं ते या वर्णनामुळे. मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८.३ टक्के होतं, जूनमध्ये ते २.२ टक्क्यांवर आलं. आता आराखड्यातल्या चौकोनात खूण कुठे करायची? आकड्यांनी प्रश्न धारदार केला, वर्णनाने उत्तर सुचवलं, आकड्यांनी ते तपासून घेतलं. यातलं एक पाऊल काढून टाका, बाकीची दोन लटकी पडतात. आणि याच हकीकतीचं एक उपकथानक लेखनाबद्दलचं आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. सेमेलवाइसने आपलं म्हणणं सविस्तर ग्रंथरूपात मांडलं ते १८६१ मध्ये, चौदा वर्षांनी, आणि त्यातही पानंच्या पानं विरोधकांशी भांडण्यात घालवली. पुरावा हातात होता, तो वाचकापर्यंत नेणारं लेखन नव्हतं.

दुसऱ्या बाजूचा भक्कम मुद्दा असा: प्रश्नावलीला मिळणारं उत्तर हे प्रश्नावलीचं उत्तर असतं, वागणुकीचं नव्हे. याला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियेर यांच्याइतका ठसठशीत दाखला दुसरा नसेल. अमेरिकेत चिनी लोकांविषयी उघड आकस होता त्या काळात, १९३० पासून दोनेक वर्षं, लापियेर एका तरुण चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले. हॉटेलं आणि खाणावळी मिळून २५१ ठिकाणी ते गेले, फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिने जाऊ दिल्यावर त्यांनी याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, चिनी वंशाच्या माणसांना तुम्ही ग्राहक म्हणून घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ असं कळवलं. १९३४ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून गुणात्मकवाल्यांच्या भात्यात तो कायम असतो. पाहा, पत्रावर विसंबून राहिलात तर देश एक दिसतो, सोबत फिरलात तर दुसरा.

मुद्दा मान्य. पण या लेखाचं बळ कशात आहे ते पाहा. ‘बहुतेक ठिकाणी आमचं चांगलं स्वागत झालं’ असं लापियेर यांनी लिहिलं असतं तर ते एक प्रवासवर्णन झालं असतं, आणि प्रवासवर्णनाने कुणाचं मत बदलत नाही. त्यांनी प्रत्येक मुक्कामाची नोंद ठेवली, म्हणून २५१ मध्ये एक असं म्हणता आलं. शिवाय या अभ्यासावर पुढे जे आक्षेप घेतले गेले तेही याच नोंदींमुळे घेता आले. पत्राला उत्तर देणारा मालक आणि काउंटरवर खोलीची किल्ली देणारा कारकून एकच कशावरून? पत्रात विचारलं ‘चिनी वंशाच्या माणसां’बद्दल, प्रत्यक्ष दारात आलं ते हसतमुख, नीटनेटकं जोडपं, तेही एका गोऱ्या प्राध्यापकासोबत. मग तुलना कशाची कशाशी? आपण काय मोजलं, कसं मोजलं हे लेखकाने उघडं ठेवलं होतं, म्हणून त्याच्यातली खोट काढता आली. मला हा त्या लेखाचा मोठेपणा वाटतो.

आता लेखनाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. गुणात्मक प्रबंधाचं कुठलंही पान उघडा आणि पेन्सिलीने खुणा करत चला: ‘बऱ्याच जणांनी’, ‘अनेकांच्या बोलण्यात’, ‘काही स्त्रियांना’, ‘सर्वसाधारणपणे’, ‘क्वचित’. हे सगळे आकडेच आहेत, फक्त बुरख्यातले. बऱ्याच जणांनी म्हणजे किती जणांनी? बाराजणांशी बोलून ‘अनेकांनी’ लिहिलं असेल तर ते तिघं आहेत की नऊ? संख्येला नाकं मुरडणारा लेखक पानोपानी संख्याच सांगत असतो, पण अशा रीतीने की कुणी मोजून पाहू नये. त्यातून आणखी एक खुबी होते. पटणारं मत ‘अनेकांचं’ होतं, न पटणारं ‘काहींचं’. एखाद्याचं मत फारच अडचणीचं असलं की तो ‘अपवाद’ होतो, आणि अपवादाने नियम सिद्ध होतो असं आपल्याकडे म्हणतातच.

उलट बाजूला संख्यात्मक अहवालात विशेषणं चोरून येतात. ‘केवळ १२ टक्के’ आणि ‘तब्बल १२ टक्के’ यांत आकडा तोच आहे. निकाल ‘केवळ’ आणि ‘तब्बल’ या शब्दांनी दिलेला आहे आणि त्या शब्दांसाठी कुठलीही चाचणी लावलेली नसते. ‘यावरून लोकांची उदासीनता स्पष्ट होते’ हे वाक्य तर मी इतक्या अहवालांत वाचलं आहे की त्याचा एखादा शिक्काच करून घ्यावा. तक्त्यात एवढंच असतं की अमुक जणांनी ‘माहीत नाही’ हा पर्याय निवडला. ती उदासीनता आहे, भीती आहे, की प्रश्नच कळला नाही, हे सांगणारी नोंद कुठे आहे? ती समासात होती. समास गेला. मग लेखकाने स्वतःच्या डोक्यातून एक मानसशास्त्र आणून तिथे बसवलं आणि तेही पद्धतीच्या वर्गवारीत ‘संख्यात्मक’ म्हणून खपून गेलं. म्हणजे मोजणारा गुपचूप अर्थ लावतो, अर्थ लावणारा गुपचूप मोजतो. त्या ‘गुपचूप’ला माझी हरकत आहे.

थोडं मागे गेलं तर दिसतं की गाजलेले आकडेसुद्धा कुणाच्या तरी शेऱ्यांमधून निघालेले आहेत. चार्ल्स बूथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या दारिद्र्याची पाहणी केली आणि शहराची ३०.७ टक्के लोकसंख्या दारिद्र्यात आहे असा निष्कर्ष काढला. दशांशापर्यंतचा हा आकडा आला कुठून? बूथ आणि त्यांचे सहकारी घरोघर पगार मोजत फिरले नव्हते. मुलांच्या शाळेतल्या हजेरीवर लक्ष ठेवणारे शाळा-मंडळाचे निरीक्षक त्या वस्त्यांमधली कुटुंबं ओळखत. त्यांना तासन् तास बसवून, त्यांच्या वह्यांवरून आणि आठवणींवरून कुटुंबांची माहिती काढली गेली आणि मग त्यांना आठ वर्गांत बसवलं गेलं. म्हणजे ३०.७ च्या पोटात एखाद्या निरीक्षकाचं ‘बाप कामावर टिकत नाही, खोली मात्र स्वच्छ’ अशा धर्तीचं मत दडलेलं आहे. याने आकडा रद्दी ठरत नाही. बूथ यांनी तो कसा केला हे सांगितलं, म्हणून आपल्याला त्याच्याशी वाद घालता येतो. ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ म्हणणाऱ्याने मात्र हे ध्यानात घ्यावं की आकडा बोलतो तेव्हा त्याच्या आडून कुणीतरी एक माणूस बोललेला असतो.

बूथ यांच्याच पाहणीत बिॲट्रिस वेब (तेव्हाच्या पॉटर) यांनी उमेदवारी केली. कष्टकऱ्यांच्या कारखान्यात शिवणकामाला बसूनही त्यांनी माहिती गोळा केली. पुढे १९२६ मध्ये आलेल्या आत्मवृत्ताला त्यांनी टिपणं घेण्याच्या कलेवर एक स्वतंत्र परिशिष्ट जोडलं. त्यातला सल्ला आजही कुणी सुधारू शकलेलं नाही: एका सुट्या कागदावर एकच गोष्ट लिहा, सोबत जागा, तारीख आणि सांगणारा कोण ते लिहा. वहीत सलग लिहिलेलं टिपण त्याच क्रमाला बांधलेलं राहतं. सुटे कागद मात्र आज ठिकाणाप्रमाणे लावता येतात, उद्या काळाप्रमाणे, परवा विषयाप्रमाणे, आणि पत्ते पिसल्यासारखे पुन्हापुन्हा लावताना आधी न सुचलेले संबंध दिसू लागतात. वेब यांच्या मते हे लावणं-मोडणं हेच संशोधन होतं. आणि सुट्या कागदांची थप्पी मोजताही येते! ज्या कागदावरून अवतरण घेतलं त्याच विषयाचे आणखी सतरा कागद आहेत की एकही नाही, हे लेखकाला कळतं. त्याने ते वाचकाला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

यावर एक गंभीर हरकत घेतली जाते. ती अशी की हा नुसता टिपणांचा आणि तंत्राचा प्रश्न नाही, दोन पद्धतींच्या मुळाशी जगाकडे बघण्याच्या दोन विसंगत धारणा आहेत. एकीला वाटतं सत्य बाहेर आहे आणि मोजलं की हाती येतं. दुसरीला वाटतं सत्य माणसांच्या अर्थ लावण्यात घडतं. एका डोक्यात दोन्ही नांदणार कशा? या तत्त्वचर्चेची मी थट्टा करणार नाही, पण तिचा दाखला म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते पाहावं. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की हे गुणात्मक क्षेत्रकार्याचे, म्हणजे लोकांमध्ये राहून केलेल्या अभ्यासाचे, आद्य पुरुष मानले जातात. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवरच्या १९२२ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी संशोधकाला काय सांगितलं? वंशावळी काढा, गावाची शिरगणती करा, नकाशे आणि तक्ते तयार करा. रोजच्या जगण्यातल्या, मोजमापात न येणाऱ्या बारकाव्यांची रोजनिशी त्याच्या जोडीने ठेवा आणि लोकांची वचनं त्यांच्याच भाषेत उतरवून घ्या. सांगाडा आधी उभा राहिला की रक्तमांसाला धरायला जागा मिळते, असं त्यांचं म्हणणं होतं. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्या मानवी कवट्यांची मापं घेण्यासाठी. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष वंशश्रेष्ठत्वाचा डंका वाजत असलेल्या त्या काळात त्यांनी मोजमापाच्या जोरावर काढला. त्याच बाईंनी पुढे नात्यांची नावं, ओव्या, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात याच्या नोंदींवरून भारतातल्या नातेसंबंधांचा १९५३ चा तो अजोड ग्रंथ लिहिला. तत्त्वज्ञानाच्या कुंपणाने त्यांना अडवलं नाही.

आणि मोजणं म्हणजेच ज्ञान, असं मानणाऱ्या धारणेची फजिती तिच्या सगळ्यात मोठ्या पुरस्कर्त्याच्याच वाट्याला आली होती. मोजता येत नसेल तर तुमचं ज्ञान तोकडं, असं पदार्थविज्ञानाचे नामवंत लॉर्ड केल्विन यांनी १८८३ मध्ये बजावलं. त्या वचनाचा गोषवारा पुढे शिकागो विद्यापीठात समाजशास्त्रांच्या इमारतीवर कोरला गेला. त्याच केल्विननी पृथ्वीच्या निवण्याचं गणित मांडून १८९७ मध्ये तिचं वय २ ते ४ कोटी वर्षं ठरवलं. खडकांचे थर वाचत, वर्णनं लिहीत फिरणाऱ्या भूवैज्ञानिकांना एवढ्या काळात हे थर घडणं शक्यच वाटत नव्हतं, पण आकडेमोडीपुढे त्यांचं चालेना. आज ते वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानलं जातं. गणितात चूक नव्हती. पृथ्वी आतून घट्ट आहे आणि नुसती निवत चालली आहे, हे गृहीतक मोजण्याआधी धरलेलं होतं, चूक तिथे होती. गुंतागुंतीच्या गणितात ती इतकी सुबकपणे झाकली गेली होती की बहुतेकांना ती दिसली नाही.

मग मिश्र पद्धत, म्हणजे दोन्ही एकत्र वापरणं, हे उत्तर आहे का? नावापुरती असेल तर मुळीच नाही. हल्ली दिसणारा मिश्र प्रबंध म्हणजे चौथ्या प्रकरणात तक्ते, पाचव्यात मुलाखती आणि सहाव्यात दोघांचं तोंडदेखलं अभिनंदन. एका बाजूच्या टिपणांनी दुसरीला एकही प्रश्न विचारलेला नसतो. याहून वेगळं काय करता येतं ते ऑस्ट्रियातल्या मारिएंटालच्या अभ्यासाने १९३३ मध्येच दाखवलं. गावचा कापड कारखाना बंद पडलेला, जवळजवळ सगळं गाव बेकार. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइसेल यांच्या गटाने ४७८ कुटुंबांपैकी प्रत्येकाचं कार्ड केलं, जेवणाच्या नोंदी ठेवल्या, मुलांकडून निबंध लिहून घेतले, लोकांना दिवसाचं वेळापत्रक भरायला दिलं. वाचायला आता भरपूर वेळ होता, ग्रंथालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण घसरत गेल्याचं नोंदवहीतून निघालं. रस्त्याने जाणारी माणसं किती वेगाने चालतात आणि किती वेळा थांबतात, तेही नकळत घड्याळ लावून मोजलं. पुरुष रेंगाळत होते, जागोजाग थांबत होते. बायका त्यांच्यापेक्षा भरभर चालत होत्या, कारण त्यांना घरचं काम होतंच. आणि एका बेकार माणसाच्या वेळापत्रकात सकाळच्या एका तासासमोर लिहिलेलं होतं: ‘एवढ्यात दुपार होते.’ चालण्याचा वेग माहीत नसता तर हे वाक्य एका उदास माणसाची लकब वाटलं असतं. हे वाक्य नसतं तर चालण्याचा वेग हा एक विक्षिप्त आकडा ठरला असता.

तेव्हा मागायचं ते असं. प्रश्नावली वापरणाऱ्याने लेखात सांगावं की रकाने कुणी आणि कशावरून ठरवले, आधीच्या चाचणीत कुठले पर्याय काढून टाकले, ‘इतर’मध्ये लोकांनी हाताने काय लिहिलं आणि समासातल्या नोंदींचं काय झालं. ‘इतर’ हा रकाना बहुधा सगळ्यात वाचनीय असतो आणि हटकून तोच छापला जात नाही. मुलाखती घेणाऱ्याने सांगावं की एकूण टिपणं किती, त्यांपैकी लेखात किती जणांचा आवाज आला, एकाच बोलक्या माणसाची किती अवतरणं घेतली आणि निष्कर्षाला आडवी जाणारी सगळ्यात जोरदार नोंद कोणती होती. ती नोंद शब्दशः द्यावी. ‘अनेकांनी’ लिहिताना कंसात आकडा घातल्याने लेखाचं लालित्य बिघडतं, अशी तक्रार मी ऐकली आहे. बिघडू दे.

टिपणांना एवढं महत्त्व कशाला, असं म्हणणाऱ्यांच्या हाती एक हुकमाचं पान असतं ते समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं. १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरकडच्या रामपुरा या गावात क्षेत्रकार्य केलं. २४ एप्रिल १९७० ला स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या कार्यालयाला आग लावली गेली आणि संस्कारित, म्हणजे वर्गवारी करून लावलेल्या, टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः स्मरणातून गावाचं पुस्तक लिहिलं, ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (आठवणीतलं गाव), ते १९७६ मध्ये आलं आणि अभिजात ठरलं. म्हणजे टिपणं नसतानाच चांगलं लिहिता येतं की! ही पळवाट आकर्षक आहे. पण जळाली होती ती वर्षानुवर्षं वर्गवारी केलेली, पुन्हापुन्हा हाताळलेली टिपणं. असं काम केलेल्या माणसाची स्मरणशक्ती आणि एकदा गावात चक्कर मारून आलेल्याची आठवण यांत काही फरक आहे की नाही? शिवाय हे पुस्तक आठवणीतलं आहे असं श्रीनिवास यांनी नावातच सांगून टाकलं. वाचक ते तसंच समजून वाचतो. एवढी सोय बहुतेक ‘पद्धतशीर’ प्रबंध आपल्या वाचकाला करून देत नाहीत.

शेवटची अडचण व्यवहारातली आहे आणि ती खरी आहे. टिपणं दाखवा म्हटलं की संशोधक म्हणतो, लोकांनी मला विश्वासाने सांगितलं आहे, ते मी चव्हाट्यावर कसं मांडू? नर्सच्या देखत दबकून बोललेल्या बाईचं नाव बाहेर जाता कामा नये, हे उघड आहे. पण त्यासाठी सगळा गठ्ठा कुलूपबंद ठेवायची गरज नाही. मौखिक परीक्षेला येताना विद्यार्थ्याने नावं आणि ओळखीच्या खुणा काळ्या केलेली टिपणं, भरलेल्या प्रश्नावल्या, समासासकट, सोबत आणाव्यात. परीक्षकाने त्यातलं एक पान काढून विचारावं, हे प्रबंधात कुठे गेलं? गेलं नसेल तर का नाही? पद्धतीच्या प्रकरणावर आज जो तास जातो त्यातली दहा मिनिटं यासाठी पुरतील. फक्त पान विद्यार्थ्याने निवडायचं नाही, त्याचा क्रमांक परीक्षकाने सांगायचा.